डेव्हिड सॉलोमन ससून (१८८०–१९४२) : हिब्रू प्रार्थनापोथ्यांचे संग्राहक व सूचिकार

ससून हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील ग्रंथालय, कुलाब्याची गोदी, पुण्याचे रुग्णालय आणि पुणे लष्करातील, लोकांच्या तोंडी लाल देऊळ म्हणून रूढ झालेले यहुदी प्रार्थनामंदिर या वास्तूंनी ते लोकस्मृतीत टिकवून ठेवले आहे. या सर्व स्मृतींच्या केंद्रस्थानी बगदादहून मुंबईस येऊन व्यापाराचा विस्तार करणारे थोरले डेव्हिड ससून (१७९२–१८६४) आहेत. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या एका नातवाने मात्र वेगळ्याच क्षेत्रात कार्य केले, आणि त्या कार्याची नोंद मराठीत फारशी झालेली नाही. मुंबईत जन्मलेले डेव्हिड सॉलोमन ससून हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हिब्रू हस्तलिखितांच्या अग्रगण्य खासगी संग्राहकांपैकी एक होते. त्यांचा संग्रह आज एकत्र राहिलेला नाही. परंतु त्यांनी सिद्ध केलेली त्या संग्रहाची वर्णनात्मक सूची अभ्यासकांच्या नित्य उपयोगात आहे. संग्रह विखुरला आणि सूची टिकली, ही घटना त्यांच्या चरित्राचे मर्म समजून घेण्यास उपयुक्त ठरते.

घराणे आणि बालपण

डेव्हिड सॉलोमन यांचा जन्म १८८० मध्ये मुंबईत झाला. वडील सॉलोमन हे थोरल्या डेव्हिड ससून यांचे पुत्र, तर आई फरहा ऊर्फ फ्लोरा ही त्याच घराण्यातील, थोरल्या डेव्हिड यांची पणती. पितृकुळाकडून नातू आणि मातृकुळाकडून खापरपणतू अशा दुहेरी नात्याने ते घराण्याच्या मूळ पुरुषाशी जोडलेले होते. आजोबांचे निधन त्यांच्या जन्मापूर्वी सोळा वर्षे पुण्यात झाले होते आणि त्यांची समाधी लाल देवळाच्याच आवारात बांधण्यात आली होती.

त्यांच्या मनोघडणीत आईचा वाटा सर्वांत मोठा होता. फ्लोरा ससून या हिब्रू, अरामाइक, अरबी, हिंदुस्थानी आदी अनेक भाषांच्या जाणकार होत्या. धर्मशास्त्राचा पारंपरिक अभ्यास त्या काळी यहुदी समाजात पुरुषांपुरता मर्यादित असूनही त्यांनी तो घरी राहून केला होता. १८९४ मध्ये सॉलोमन ससून यांचे निधन झाले, तेव्हा डेव्हिड चौदा वर्षांचे होते. त्यानंतर मुंबईतील पेढीचा कारभार फ्लोराबाईंनी स्वतःकडे घेतला आणि १९०१ पर्यंत तो समर्थपणे चालविला. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत एका स्त्रीने आंतरराष्ट्रीय व्यापारी पेढीची सूत्रे सांभाळणे ही असाधारण गोष्ट होती. व्यापाराच्या धकाधकीतही घरातील धर्माचरणात खंड पडला नाही. प्रवासात सामुदायिक प्रार्थनेस आवश्यक असलेले दहा पुरुष त्या बरोबर नेत असत, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते.

डेव्हिड यांच्या ग्रंथप्रेमाचा आरंभही मुंबईतच झाला. आठ वर्षांचे असताना त्यांनी आपला पतंग देऊन त्याच्या बदल्यात रूथच्या पुस्तकाची एक दुर्मिळ मुद्रित प्रत मिळविली, अशी कथा आहे. ही प्रत भारतातील बगदादी यहुद्यांसाठी १८५९ मध्ये छापलेली होती. संग्राहकांच्या चरित्रांत अशा कथांना पुढे दंतकथेचे रूप येते हे लक्षात घेऊनही तिच्यातील एक गोष्ट अर्थपूर्ण वाटते. रूथचे पुस्तक सप्ताहांच्या सणाला सिनेगॉगमध्ये वाचले जाते. म्हणजे त्या मुलाने मिळविलेला पहिला ग्रंथ हा केवळ दुर्मिळ नव्हता, तर उपासनेत वापरला जाणारा होता.

तत्कालीन मुंबईत अशा ग्रंथांना अनुकूल वातावरणही होते. बगदादी यहुद्यांचे हिब्रू लिपीतील अरबी नियतकालिक येथून १८५५ ते १८६६ या काळात निघत होते. कोकणातून मुंबईस आलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजासाठी हग्गादा हा वल्हांडण सणाचा विधिग्रंथ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये शिळाप्रेसवर छापण्यात आला होता. १८७४ मध्ये पुण्यातून त्याची सचित्र आवृत्तीही निघाली. बगदादी आणि बेने इस्राएल हे दोन समाज परस्परांपासून अंतर राखून राहत. त्यामुळे या मराठी ग्रंथांचा डेव्हिड यांच्यावर प्रभाव पडला असे म्हणण्यास आधार नाही. तथापि शिळाछापात लेखनिकाचे हस्ताक्षर जसेच्या तसे उतरते. हस्तलिखित आणि मुद्रित यांच्यामधील हा दुवा ज्या शहरात जिवंत होता, त्या शहरात त्यांचे बालपण गेले, एवढे निश्चित म्हणता येते.

आशीर्वचनांच्या पोथ्या आणि त्यांचे अलंकरण

१९०१ मध्ये फ्लोराबाई मुलांसह लंडनला स्थायिक झाल्या. तेथे डेव्हिड यांनी व्यापारापेक्षा विद्येला वाहून घेतले. त्यांनी जमविलेल्या ग्रंथांत पवित्र शास्त्राच्या प्रती, टीका, कायदेग्रंथ, काव्य असे अनेक प्रकार होते. परंतु संग्राहक म्हणून त्यांचे वैशिष्ट्य समजण्यासाठी प्रार्थनापोथ्यांचे स्वरूप आधी पाहणे आवश्यक आहे.

यहुदी उपासनेचा मूळ घटक म्हणजे बराखा, अर्थात आशीर्वचन. येथे आशीर्वचन म्हणजे मोठ्यांनी लहानांना दिलेला आशीर्वाद नव्हे. ईश्वराला धन्य म्हणून केलेले ते स्तवन होय. भाकरी मोडताना, द्राक्षरस पिताना, पहाटे जागे होताना, प्रवास सुखरूप पार पडल्यावर, अशा प्रत्येक प्रसंगाची बराखा ठरलेली आहे. सिनेगॉगमधील नित्य उपासनेचा गाभा अठरा बराखांच्या मालिकेचा मानला जातो. प्राचीन काळीच तीत एकीची भर पडून संख्या एकोणीस झाली, पण अठरा हे नाव कायम राहिले. या आशीर्वचनांचा नित्यक्रम ज्या ग्रंथात असतो त्याला सिद्दूर, आणि वर्षभराच्या सणांचा क्रम ज्यात असतो त्याला माहझोर म्हणतात.

सिनेगॉगमध्ये वाचनासाठी वापरल्या जाणाऱ्या तोराच्या गुंडाळीवर चित्र वा नक्षी काढता येत नाही. स्वरचिन्हेही लिहिली जात नाहीत. प्रार्थनापोथीला हा निर्बंध नव्हता. त्यामुळे लेखनिक व चित्रकार यांची कला या पोथ्यांतून प्रकट झाली. हिब्रू लिपीत मोठी आद्याक्षरे नसल्याने युरोपीय ख्रिस्ती पोथ्यांप्रमाणे पहिले अक्षर सजविण्याऐवजी पहिला संपूर्ण शब्दच चौकटीत घेऊन सोन्याने व रंगांनी सजविण्याची पद्धत पडली. अतिसूक्ष्म अक्षरांच्या ओळी वळवून त्यांतूनच वेली, प्राणी आणि भौमितिक आकृती साकारण्याचे तंत्रही हिब्रू पोथ्यांत विशेषत्वाने विकसित झाले.

तेराव्या-चौदाव्या शतकांत जर्मन प्रदेशात सिद्ध झालेले भव्य माहझोर हे या कलेचे उत्तम नमुने आहेत. सामान्य उपासकांजवळ त्या काळी स्वतःची पोथी क्वचितच असे. प्रार्थनाप्रमुख मोठ्या पोथीतून म्हणे आणि समुदाय ऐके. त्यामुळे या पोथ्यांचा आकार मोठा, अक्षर ठळक आणि सजावट उपासनेच्या क्रमाशी निगडित असे. वल्हांडणाच्या सणात दहिवरासाठी जी प्रार्थना म्हणतात, तिच्याभोवती बारा राशींची चित्रे येतात. प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या प्रार्थनेत कृपेच्या द्वारांचा उल्लेख येतो, तेथे शब्दाभोवती प्रत्यक्ष कमानीचे द्वार चितारलेले असते. १२७२ मध्ये लिहिलेल्या वर्म्सच्या माहझोरमध्ये एका आद्यशब्दाच्या अक्षरांतील मोकळ्या जागेत, ती अवजड पोथी सिनेगॉगमध्ये उचलून नेणाऱ्यासाठी शुभेच्छा लिहिलेली आहे. यिद्दिश भाषेतील तारीख ज्ञात असलेले सर्वांत जुने वाक्य म्हणून ती आज प्रसिद्ध आहे. पोथी लिहिणारा, वाहणारा आणि म्हणणारा असे तिघेही या परंपरेत आशीर्वचनाचे भागीदार होते.

ही पोथी सतत हाताळली जात असल्याने ती झिजे. तिच्यावर मेणाचे थेंब पडत, हग्गादेच्या पानांवर द्राक्षरसाचे डाग उमटत. जीर्ण झालेली, ईश्वराचे नाव असलेली पाने जाळता वा टाकता येत नसल्याने ती बंद खोलीत ठेवली जात किंवा पुरली जात. शिवाय प्रत्येक प्रदेशाचा प्रार्थनाक्रम भिन्न होता. जर्मन, स्पॅनिश, रोमन, येमेनी, हलबचा, इराणचा असे अनेक क्रम होते, आणि मुद्रणाच्या प्रसाराबरोबर त्यांपैकी कित्येक प्रचारातून मागे पडले. एखाद्या गावाचा क्रम पुष्कळदा एकदोन पोथ्यांतच उरला. ती पोथी गेली की त्या गावाने शतकानुशतके म्हटलेली उपासना कायमची लोपे.

संग्रहाची जडणघडण

डेव्हिड ससून यांच्या संग्रहाचा मोठा भाग पूर्वेकडील यहुदी समाजांतून आला. बगदाद, सीरिया, येमेन येथील पोथ्यांचे महत्त्व त्यांना घरच्या परंपरेमुळे जाणवत होते. १९१० मध्ये आई व बहिणीसमवेत त्यांनी पूर्वजांच्या बगदादचा प्रवास केला. तेथील सिनेगॉग, तीर्थस्थाने, चालीरीती आणि ग्रंथ यांची हिब्रूमध्ये लिहून ठेवलेली टिपणे पुढे १९५५ मध्ये जेरुसलेम येथून प्रवासवर्णनाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. बगदादच्या यहुद्यांचा इतिहासही त्यांनी इंग्रजीत लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रकाशित झाला. त्यानंतर दोनच वर्षांच्या आत, १९५०–५१ मध्ये, इराकमधील बहुसंख्य यहुद्यांनी देश सोडला. एका नांदत्या समाजाची पाहणी म्हणून जे लिहिले गेले होते, ते अशा रीतीने एका संपलेल्या पर्वाचे साधन ठरले.

त्यांच्या संग्रहातील काही ग्रंथ जगप्रसिद्ध आहेत. फरही घराण्याकडे दीर्घकाळ राहिलेली, एलिशा क्रेस्कास यांनी १३६६ ते १३८२ या काळात लिहून सजविलेली पवित्र शास्त्राची प्रत त्यांनी मिळविली. सीरियातील यहुदी समाजाने जतन केलेली, सुमारे दहाव्या शतकातील पंचग्रंथाची प्रत त्यांनी १९१५ मध्ये घेतली. मैमोनिदेस या थोर तत्त्वज्ञाने मिश्नावर लिहिलेल्या भाष्याचे स्वहस्ताक्षरातील भागही त्यांच्याकडे होते. १९२९ मध्ये त्यांनी ३५० पौंडांना नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळातील, जवळजवळ संपूर्ण अशी हिब्रू पवित्र शास्त्राची प्रत विकत घेतली. ती एके काळी सीरियातील माकिसीन येथील सिनेगॉगला अर्पण केलेली होती. ससून क्रमांक १०५३ या नावाने ती आज ओळखली जाते.

सचित्र विधिग्रंथांत सुमारे १३२० मधील, स्पेन अथवा दक्षिण फ्रान्समध्ये सिद्ध झालेली हग्गादा विशेष उल्लेखनीय आहे. आद्यशब्दांच्या चौकटी, समासातील वेलबुट्टी आणि मानव व पशू यांच्या संमिश्र आकृती ही तिची वैशिष्ट्ये होत. हग्गादा हा घरातील भोजनविधीचा ग्रंथ असला, तरी मध्ययुगीन स्पॅनिश परंपरेतील अनेक सचित्र हग्गादांना वल्हांडणाच्या आठवड्यात सिनेगॉगमध्ये म्हणावयाची स्तोत्रे जोडलेली असतात. त्यामुळे घर आणि प्रार्थनामंदिर यांतील सीमारेषा या पोथ्यांत पुसट होते.

या संग्रहकार्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शतकानुशतके एका समाजाने सांभाळलेला ग्रंथ लंडनच्या श्रीमंत घरात जाणे म्हणजे त्या समाजाच्या हातून त्याचा ठेवा निसटणे होय. वसाहतकालीन व्यापारातून आलेल्या संपत्तीशिवाय असा संग्रह उभा राहिला नसता, हेही नाकारता येत नाही. उलटपक्षी, हलब येथील सिनेगॉगमध्ये जपलेली सुविख्यात प्राचीन प्रत १९४७ च्या दंगलीत जाळपोळीला सापडली आणि तिचा मोठा भाग नाहीसा झाला. पोथी तिच्या उपासकांजवळ राहावी की सुरक्षित राहावी, हा प्रश्न त्या काळाने संग्राहकापुढे उभा केला होता. ससून यांनी त्याला दिलेले उत्तर केवळ खरेदीत नव्हे, तर सूचिलेखनात शोधावे लागते.

दाविदाचा तंबू

१९३२ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांच्या संग्रहातील हिब्रू व शोमरोनी हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध केली. तिचे नाव ओहेल दाविद, म्हणजे दाविदाचा तंबू. पुण्यात आजोबांनी बांधावयास घेतलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या लाल देवळाचे नावही हेच आहे. प्रार्थनामंदिराचे नाव ग्रंथसूचीला मिळाले, ही बाब त्या सूचीचे स्वरूप सूचित करणारी आहे.

हजाराहून अधिक हस्तलिखितांचे वर्णन या खंडांत आहे. प्रत्येक पोथीला संग्रहातील तिचा क्रमांक असून वर्णनाची मांडणी विषयवार आहे. प्रार्थनापोथ्यांच्या बाबतीत सूचिकाराची कसोटी लागते. अशा पोथीला एक कर्ता नसतो, पुष्कळदा शीर्षकही नसते. आरंभीची व अखेरची पाने झिजून गेलेली असतात, आणि पुष्पिका त्यांबरोबर नष्ट झालेली असते. अशा वेळी कोणती आशीर्वचने कोणत्या क्रमाने आली आहेत, कोठे कोणते स्तोत्र घातले आहे, एखाद्या वाक्यात कोणता पाठभेद आहे, यांवरून ती कोणत्या प्रदेशातील आहे हे ठरवावे लागते. हिब्रू स्तोत्रकार आपले नाव कडव्यांच्या आद्याक्षरांत गुंफतात. मराठी संतकवी अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा घालतो, तर हिब्रू कवी ती ओळींच्या आरंभी दडवून ठेवतो. ही गुंफण ओळखणाऱ्यालाच अनामिक पानाचा कर्ता सापडतो.

हे ज्ञान केवळ पुस्तकी असून भागत नाही. प्रार्थनेचा क्रम ज्याच्या तोंडी बसला आहे, त्यालाच त्यातील बदल चटकन जाणवतो. ससून हे धर्मनिष्ठ होते. आशीर्वचने त्यांच्या दिनक्रमाचा भाग होती. त्यामुळे त्यांची सूची ही उपासकाच्या जाणकारीने आणि विद्वानाच्या शिस्तीने सिद्ध झालेली कृती आहे. पोथीचे मालक, त्यांच्या घरातील जन्ममृत्यूंच्या नोंदी, लेखनिकांची नावे यांकडेही अशा वर्णनात लक्ष द्यावे लागते, कारण एका पोथीचा प्रवास हाच तिच्या समाजाचा इतिहास असतो.

ससून यांच्या बालपणी मुंबई इलाख्यात संस्कृत हस्तलिखितांचा शोध घेऊन पीटर पीटरसन आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे विद्वान आपले अहवाल प्रसिद्ध करीत होते. पुढे १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. या प्रयत्नांशी ससून यांचा प्रत्यक्ष संबंध होता असे नव्हे. परंतु पोथी मिळविणे ही अर्धीच कामगिरी आहे, तिचे नेमके वर्णन प्रसिद्ध झाल्यावरच ती अभ्यासाच्या कक्षेत येते, ही जाणीव दोन्हीकडे समान आहे. महाराष्ट्रातील हे कार्य प्रामुख्याने शासन व संस्था यांच्या आश्रयाने झाले. ससून यांनी ते घराच्या बळावर केले. याच भेदात त्यांच्या संग्रहाच्या पुढील भवितव्याचे बीज होते.

सूचीनंतर दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, अकराव्या शतकातील स्पेनचे राजकारणी व कवी शमुएल हन्नागिद यांचा काव्यसंग्रह त्यांनी आपल्या हस्तलिखितावरून संपादित करून ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. मध्ययुगीन हिब्रू काव्याच्या अभ्यासात या प्रकाशनाने मोलाची भर घातली. १९३६ मध्ये फ्लोराबाईंचे निधन झाले आणि १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, डेव्हिड ससून यांचा मृत्यू झाला.

संग्रहाचे विखुरणे

संग्रहाचा वारसा पुत्र सॉलोमन डेव्हिड ससून (१९१५–१९८५) यांच्याकडे आला. तेही धर्मशास्त्राचे अभ्यासक होते. मैमोनिदेसच्या स्वहस्ताक्षरातील भाष्याची छायाप्रत आवृत्ती त्यांनी प्रसिद्ध केली. परंतु खासगी संग्रह पिढ्यान्‌पिढ्या अखंड ठेवणे कठीण असते. १९७५ पासून झुरिक व अन्य ठिकाणी झालेल्या लिलावांतून हस्तलिखिते वेगवेगळ्या हाती गेली. दमास्कसची प्रत जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचली आणि चौदाव्या शतकातील हग्गादा त्याच शहरातील इस्राएल संग्रहालयात आली. क्रमांक १०५३ ची प्रत १९७८ मध्ये विकली गेली. पुढे आणखी हस्तांतर होऊन मे २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात तिला ३ कोटी ८१ लाख डॉलर एवढी किंमत आली, आणि ती तेल अवीव येथील यहुदी लोकांच्या संग्रहालयासाठी घेण्यात आली. अन्य कित्येक पोथ्या सार्वजनिक ग्रंथालयांत आणि खासगी कपाटांत विभागल्या गेल्या.

तरीही या पोथ्या आज कोठेही असल्या तरी त्यांच्या नावापुढे ससून हा शब्द आणि १९३२ च्या सूचीतील क्रमांक येतो. त्या क्रमांकावरून अभ्यासकाला पोथीचे वर्णन, तिचा प्रार्थनाक्रम आणि तिचे पूर्वीचे मालक यांचा माग काढता येतो. बाजारात दोन पोथ्यांची किंमत समान नसते. सूचीत मात्र कोट्यवधी डॉलरांना विकली गेलेली पोथी आणि एखाद्या अनाम उपासकाची डागाळलेली प्रार्थनावही या दोघींनाही स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचे वर्णन आहे.

समारोप

डेव्हिड सॉलोमन ससून यांच्या कार्याचे मूल्यमापन केवळ त्यांच्या संग्रहातील अमोल ग्रंथांवरून करणे अपुरे ठरेल. धनाच्या बळावर दुर्मिळ वस्तू जमविणारे संग्राहक त्यांच्या काळी अनेक होते. जमविलेली पोथी वाचणे, तिचा उपासनेतील उपयोग जाणणे आणि ते ज्ञान इतरांच्या हाती देणे, हे त्यांचे वेगळेपण होय. बगदाद, दमास्कस, हलब येथील ज्या समाजांच्या आशीर्वचनांच्या पोथ्या त्यांनी नोंदविल्या, ते समाज त्या भूमीवर आज जवळजवळ उरलेले नाहीत. त्यांनी म्हटलेल्या प्रार्थनांचा क्रम मात्र अशा सूचींच्या आधारे पुन्हा मांडता येतो. महाराष्ट्रातील मठ, वाडे आणि घरे यांतून विखुरलेल्या पोथ्यांच्या अभ्यासकालाही या चरित्रातून एक व्यावहारिक बोध घेता येण्याजोगा आहे : पोथीचे स्थलांतर रोखणे नेहमीच शक्य नसते, परंतु ती हलण्यापूर्वी तिचे नेमके वर्णन करून ठेवणे शक्य असते. पुण्यातील ओहेल दाविद दगडाविटांचे आहे आणि ते जागेवर उभे आहे. लंडनमध्ये त्याच नावाने सिद्ध झालेला तंबू कागदाचा असून पोथ्या जेथे जातील तेथे तो त्यांच्याबरोबर गेला आहे.